इंग्रजी शब्द शिकवताना त्या देशाच्या घडामोडीही शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी रोज काही इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ छापले जातात. हा उपक्रम चांगल्या हेतूने चालतो, आणि आमच्या तालुक्यातील अनेक मुले ते सदर कापून वहीत चिकटवतात हे मी पाहिले आहे. कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यानंतर मात्र माझे ठाम मत झाले आहे की, अशा रीतीने पाठ केलेले शब्द परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकतात आणि पुढे वाचताना, बोलताना किंवा परदेशी गेल्यावर विद्यार्थ्याच्या कामी येत नाहीत. इंग्रजीचा शब्दसंग्रह खरोखर वाढवायचा असेल, तर इंग्रजी बोलणारा एक देश निवडावा, तेथील लोकांची रीत समजून घ्यावी, तेथील बातम्या वर्षभर सलग वाचाव्यात आणि शब्द त्या ओघात येऊ द्यावेत, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. या पत्रात मी ब्रिटनचे उदाहरण घेते. वर्गात मी त्याच देशाच्या बातम्या वापरत आले, आपल्या संसदीय कामकाजाची बरीचशी परिभाषा तिथूनच आलेली आहे, आणि शिक्षणासाठी व रुग्णालयांतील नोकऱ्यांसाठी तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्याही थोडी नाही.

अडचण कुठे आहे ते एका बातमीवरून सांगते. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी डेव्हिड एमेस या ब्रिटिश खासदारांची ली-ऑन-सी या गावातील चर्चमध्ये भोसकून हत्या झाली. इंग्रजी बातम्यांत त्या वेळी ते ‘कॉन्स्टिट्युअन्सी सर्जरी’ घेत होते असे लिहिलेले होते. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली तेव्हा बहुतेक मुलांचा समज असा झाला की, शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णालयात कोणीतरी खासदारांना मारले. त्यात मुलांचा काही दोष नव्हता, कारण त्यांच्या यादीत ‘सर्जरी’ म्हणजे शस्त्रक्रिया असाच अर्थ होता आणि तो बरोबरही आहे. त्यांना ठाऊक नव्हती ती ब्रिटनमधील एक रीत. तिथे गल्लीतल्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही सर्जरी म्हणतात, आणि खासदार आठवड्याच्या शेवटी आपल्या मतदारसंघात येऊन वाचनालयात, चर्चच्या सभागृहात किंवा एखाद्या दुकानात बसतो व घराची, पेन्शनची, व्हिसाची गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या माणसांना भेटतो, त्या बैठकीलाही सर्जरीच म्हणतात. आपल्याकडच्या जनता दरबाराशी त्याचे नाते सांगितले तेव्हा मुलांना तो शब्द कळला आणि त्याबरोबर आणखीही बरेच कळले. खासदाराच्या भोवती फारसे पोलीस का नव्हते, हत्येनंतर तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सुरक्षेवर एवढी चर्चा का झाली, आणि तरीही अनेक खासदारांनी अशा खुल्या भेटी बंद करायला विरोध का केला, हे सर्व प्रश्न मुलांनी आपण होऊन विचारले. यादीतल्या शब्दाने हे प्रश्न कधीच निघाले नसते.

दुसरे उदाहरण जरा विस्ताराने द्यावेसे वाटते, कारण एकाच घटनेतून कायद्याच्या इंग्रजीचा केवढा मोठा भाग हाती येतो ते त्यावरून दिसेल. ब्रिटनमधील बहुतेक टपाल कार्यालये सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातला एखादा दुकानदार करार करून आपल्या दुकानातच टपालाची खिडकी उघडतो, आणि त्याला ‘सब-पोस्टमास्टर’ म्हणतात. आपल्या मनात पोस्टमास्तर म्हटल्यावर जी व्यक्ती उभी राहते तिच्याहून हा माणूस वेगळा आहे. त्याने स्वतःची पुंजी त्या दुकानात घातलेली असते. १९९९ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसने ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली आणली. ती फुजित्सू या कंपनीची होती आणि तिच्यात दोष होते. संध्याकाळी हिशेब मिटवायला बसावे तर पडद्यावर पैसे कमी पडलेले दिसत. या तुटीला इंग्रजीत ‘शॉर्टफॉल’ म्हणतात. करारानुसार ती तूट भरून देण्यास सब-पोस्टमास्टर ‘लायेबल’ म्हणजे बांधील होता, म्हणून कोणी घर गहाण ठेवले, कोणी नातेवाइकांकडून उसने घेतले. मग ‘ऑडिट’ झाले, माणसे ‘सस्पेंड’ झाली, आणि पोस्ट ऑफिसने स्वतःच अनेकांना ‘प्रॉसिक्यूट’ केले, म्हणजे त्यांच्यावर खटले भरले. वकिलांनी सांगितले की गुन्हा कबूल केला तर तुरुंग टळेल, म्हणून न केलेल्या अपराधाबद्दल पुष्कळांनी ‘प्लीड गिल्टी’ केले. सुमारे पंधरा वर्षांच्या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही होते. २०१० मध्ये त्यांच्यापैकी एका महिलेला ती गरोदर असताना तुरुंगात पाठवण्यात आले.

पुढचा भाग शब्दांच्या दृष्टीने त्याहूनही मोलाचा आहे. ॲलन बेट्स या माजी सब-पोस्टमास्टरच्या नेतृत्वाखाली शेकडो जण उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी ‘क्वॅश’ म्हणजे रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर या प्रकरणावरची मालिका लागली, देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांची दोषसिद्धी एकदम रद्द केली. हे वाचताना माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले की, सरकारने त्यांना माफी का दिली नाही. या प्रश्नावर आम्ही अख्खा तास घालवला. माफी म्हणजे ‘पार्डन’, आणि ती दिली तरी दोषसिद्धी कायम राहते. ‘क्वॅश’ केल्यावर मात्र दोषसिद्धीच उरत नाही. खटल्याच्या शेवटी न्यायालय निर्दोष सोडते ते ‘अक्विटल’, आणि लागलेला कलंक नंतर पूर्णपणे धुऊन निघतो ते ‘एक्झोनरेशन’. आमच्याकडच्या समानार्थी शब्दांच्या पुस्तकात यांतले तीन शब्द एकाच ओळीत दिलेले असतात. ज्या माणसाला चोर ठरवून गावाने वाळीत टाकले, त्याच्या दृष्टीने या शब्दांत किती अंतर आहे हे घटना समजली की वेगळे शिकवावे लागत नाही. ‘मिसकॅरेज ऑफ जस्टिस’ या शब्दप्रयोगाचेही तसेच. ‘मिसकॅरेज’चा गर्भपात एवढाच अर्थ पाठ असलेली मुले तिथे अडखळली होती, पण ही हकीकत ऐकल्यावर न्याय वाट चुकला की काय होते ते त्यांनीच आपल्या शब्दांत सांगितले.

संसदेच्या कामकाजाचे शब्द आपल्या वाचकांना त्या मानाने जवळचे आहेत. २०२२ च्या जूनपासून महाराष्ट्रात जे राजकीय नाट्य घडले त्यामुळे ‘व्हिप’ हा शब्द चहाच्या टपरीवरही बोलला जाऊ लागला, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा की विधिमंडळ पक्षाचा याविषयी निर्णय दिला तेव्हा तर त्याचे बारकावेही लोकांनी समजून घेतले. हा शब्द ब्रिटनमधल्या शिकारीच्या खेळातून आला. शिकारी कुत्र्यांचा कळप विखुरू नये म्हणून चाबूक घेऊन फिरणाऱ्या माणसाला ‘व्हिपर-इन’ म्हणत. इथली घटना ठाऊक असलेल्या मुलाला तिथली बातमी दिली, तर तो ‘बॅकबेंचर’ (मंत्रिपद नसलेला खासदार), ‘रिबेल’ (बंडखोर), ‘डिव्हिजन’ (सभागृहातील मतविभागणी) हे शब्द सहज उचलतो. २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेचे सत्र संस्थगित केले आणि २४ सप्टेंबर रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी घेणाऱ्या अकराही न्यायमूर्तींनी ते बेकायदा ठरवले. ‘प्रोरोग’ (सत्र संस्थगित करणे) हा शब्द मी नोकरीची अनेक वर्षे शिकवत होते, पण मुलांना तो त्या आठवड्यात समजला. तसेच ‘लँडस्लाइड’चे, म्हणजे प्रचंड बहुमताच्या विजयाचे. जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, म्हणून सर्व वृत्तपत्रांनी तो शब्द वापरला. पण त्या पक्षाची मते सुमारे ३४ टक्केच होती. हे आकडे शेजारी ठेवले की ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट’ ही, मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला विजयी ठरवणारी निवडणूक पद्धत फळ्यावर दोन ओळींत समजावता येते. आणि आमच्या मुलांना ‘चान्सलर’ म्हणजे विद्यापीठाचे कुलपती एवढेच माहीत असते. ब्रिटनच्या अर्थसंकल्पाची बातमी वाचल्यावर त्यांना कळते की तिथे अर्थमंत्र्याला चान्सलर म्हणतात.

बातमीतून केवळ शब्दांचा अर्थ कळतो असे नाही, कोणता शब्द कुठे शोभतो हेही कळते, आणि ते शिकवणे वर्गात सर्वांत अवघड असते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ द्वितीय यांचे निधन झाले. राजवाड्याने काढलेले निवेदन अवघ्या दोन वाक्यांचे होते. पहिल्या वाक्यात, राणी आज दुपारी स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे शांतपणे मरण पावल्या असे सांगताना ‘डाइड’ हे साधे क्रियापद वापरलेले होते. आपण मराठीत निधन झाले, कालवश झाले, देवाज्ञा झाली असे म्हणतो आणि ते आपल्या भाषेत योग्यच आहे. पण त्याच भावनेने आपली मुले इंग्रजी अर्जात ‘एक्स्पायर्ड’ असे लिहितात, कारण ‘डाइड’ त्यांना उद्धट वाटते. सत्तर वर्षे राज्य केलेल्या राणीविषयी तिच्याच राजवाड्याने तो साधा शब्द वापरला हे पाहिल्यावर त्यांची शंका कायमची फिटली. दुसऱ्या वाक्यात, राजे आणि राजपत्नी त्या रात्री बाल्मोरललाच थांबतील व दुसऱ्या दिवशी लंडनला परततील असे म्हटले होते. तोवर युवराज असलेल्या चार्ल्स यांचा उल्लेख त्या वाक्यात थेट ‘द किंग’ असा झाला होता. आईच्या मृत्यूच्या क्षणीच ते राजे झाले. त्याला ‘अॅक्सेशन’ म्हणतात, आणि मुकुट डोक्यावर ठेवण्याचा समारंभ म्हणजे ‘कॉरोनेशन’ तो त्यानंतर कित्येक महिन्यांनी, ६ मे २०२३ रोजी झाला. दोन्हींचा अर्थ ‘राज्याभिषेक’ असा लिहून देणाऱ्या यादीने हा फरक पुसून टाकलेला असतो. त्यानंतर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पार्थिव दर्शनासाठी ठेवले होते, तेव्हा थेम्स नदीच्या काठाने मैलोगणती लांब रांग लागली. डेव्हिड बेकहॅमसारखा खेळाडूही बारा तासांहून अधिक वेळ तिच्यात उभा राहिला. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी पाहिलेल्या मुलांना त्या माणसांची भावना समजली, आणि ब्रिटिश माणूस रांगेत घुसण्याला एवढा मोठा अपराध का मानतो हेही.

रोजच्या जगण्यातले शब्द असेच आहेत, त्यांच्याविषयी थोडक्यात लिहिते. लीड्स येथे शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला घरमालकिणीने ‘टी’साठी बोलावले. तो घरून जेवून गेला आणि समोर पूर्ण जेवण मांडलेले पाहून संकोचला. इंग्लंडच्या उत्तर भागात अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. पावसाचेही तसेच. रिमझिम, भुरभुर, झड, वळीव असे आपण जे भेद करतो त्याच बारकाईने तिथले लोक ‘ड्रिझल’ (भुरभुर), ‘शॉवर’ (सर), ‘स्लीट’ (बर्फमिश्रित पाऊस) हे शब्द योजतात. हवामानाचा अंदाज आठवडाभर ऐकला तरी ते कानात बसतात.

ही केवळ माझ्या अनुभवातून आलेली समजूत नाही. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, इंग्रजी वृत्तपत्र कोणाच्या मदतीशिवाय नीट वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांपासून बनलेली रूपे, ओळखीची असावी लागतात. एवढे शब्द यादीतून पाठ करणे कोणालाही शक्य नाही. ते पुन्हा पुन्हा भेटावे लागतात. स्टीफन क्रॅशन हे अमेरिकन अभ्यासक १९८१ पासून सांगत आले आहेत की, शिकणाऱ्याने सुरुवातीला अनेक विषय चाळण्याऐवजी एकाच विषयावर किंवा एकाच लेखकाचे भरपूर वाचावे, कारण त्यात तेच शब्द वारंवार येतात आणि पार्श्वभूमी आधीच ठाऊक असल्याने वाचन सोपे जाते. एकाच देशाच्या घडामोडी वर्षभर वाचल्या तर नेमके हेच घडते. एकच प्रकरण आज न्यायालयात असते, पुढच्या महिन्यात संसदेत येते, नंतर चौकशी समितीपुढे जाते आणि प्रत्येक वेळी तेच शब्द थोड्या वेगळ्या वाक्यात समोर येतात. शिवाय देशाचे एक वार्षिक चक्र असते. शरद ऋतूतला अर्थसंकल्प, ५ नोव्हेंबरची शोभेच्या दारूची रात्र, त्याच सुमारास युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लावली जाणारी लाल खसखशीची फुले, जुलैतले विम्बल्डन हे सारे दर वर्षी येते. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी त्यांच्या बातम्या शब्दकोशाला फारसा हात न लावता वाचू लागतो.

यावर आक्षेप घेतला जातो की, स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी आपल्या मुलांनी ब्रिटनच्या राजाराणींच्या बातम्या का वाचाव्यात. आक्षेपामागची भावना मला परकी नाही. परंतु टपाल प्रकरण असो किंवा संसद संस्थगित करण्याचे प्रकरण असो, त्यांत सत्ता चुकते, माणसे दाद मागतात आणि न्यायालये बोलतात. ते वाचताना आमची मुले कोणाला मान तुकवत नव्हती, त्या देशाला तपासत होती. ज्यांना हा देश नको असेल त्यांनी आयर्लंड घ्यावा, न्यूझीलंड घ्यावा. पद्धत तीच राहील. काही सहकारी म्हणतात की भारतातलीच इंग्रजी वृत्तपत्रे का नकोत. ती अवश्य हवीत, आणि दहावीपर्यंत तरी तीच हवीत, कारण पावसाळी अधिवेशन किंवा कांद्यावरचे निर्यातशुल्क मुलांना आधीच माहीत असते. पण ‘लाठीचार्ज’, ‘अंडरट्रायल’, ‘लाख’ आणि ‘क्रोर’ हे आपले इंग्रजी आहे. ज्याला मँचेस्टरच्या रुग्णालयात काम करायचे आहे त्याला तिथल्या आरोग्यसेवेचे इंग्रजी लागते. तिथे २०२३ पासून ज्यांच्या संपाच्या बातम्या येत होत्या त्या ‘ज्युनिअर’ डॉक्टरांना सप्टेंबर २०२४ पासून ‘रेसिडेंट’ डॉक्टर म्हणू लागले, आणि हा बदल का झाला ते बातम्या वाचणाऱ्यालाच कळते.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० साली सुरुवात झाली. म्हणजे त्या धोरणाची पहिली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्यापैकी किती तरी जण पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षेसाठी वाक्प्रचारांच्या याद्या घोकत राहिले, आणि इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख समोर ठेवला की आजही थबकतात. त्यांच्या कष्टात कसूर नाही. त्यांना शब्द दिले गेले, पण ते शब्द जिथे वापरले जातात ते जग कधी दाखवले गेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

याला फार साधने लागत नाहीत. ब्रिटिश संसदेतील भाषणांची अधिकृत नोंद इंटरनेटवर मोफत वाचता येते, अधिवेशन चालू असताना दर बुधवारी दुपारी होणारा पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा अर्धा तास मोबाइलवर पाहता येतो, आणि बीबीसीचा इंग्रजी शिकवणारा विभाग चालू विषयांवरचे सहा मिनिटांचे ध्वनिपाठ विनाशुल्क देतो. वही अकारविल्हे न ठेवता घटनावार ठेवावी: एका पानावर एक प्रकरण, त्यातले शब्द ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासह. मात्र एका गोष्टीची उणीव आहे आणि ती मराठी वृत्तपत्रच भरून काढू शकते. घटना आधी मराठीत नीट समजलेली असेल तर तीच इंग्रजीत वाचणे निम्म्याने सोपे होते. आपली आंतरराष्ट्रीय पाने ब्रिटनविषयी बहुधा निवडणूक किंवा राजघराणे एवढ्यापुरतीच लिहितात.

म्हणून माझी विनंती अशी की, रोजच्या शब्दयादीच्या जागी आठवड्यातून एकदा अर्ध्या पानाचे सदर सुरू करावे. त्यात एका देशातील एक चालू घटना किंवा प्रथा तीनेकशे शब्दांत स्वच्छ मराठीत सांगावी, तिच्यातले सहा-सात इंग्रजी शब्द त्यांच्या मूळ वाक्यांसह समजावून द्यावेत आणि तीच बातमी इंग्रजीत कुठे वाचता येईल ते शेवटी सांगावे. देश किमान वर्षभर बदलू नये. कराड आणि पाटण परिसरातील आम्ही काही आजी-माजी शिक्षक पहिल्या तीन महिन्यांचा मजकूर विनामानधन तयार करून देण्यास तयार आहोत. पहिल्या चार भागांसाठी टपाल प्रकरण घ्यावे असे मी सुचवते, कारण नुकसानभरपाईचा प्रश्न पुढेही बातम्यांत येत राहिला आहे आणि विद्यार्थ्यांना ते प्रकरण पुढे स्वतः वाचत राहता येईल. आपला होकार आल्यास नमुन्याचे दोन भाग आठवडाभरात पाठवते.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
कराड, जि. सातारा